अर्जात गावाचं नाव येऊ द्या

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत चिखलीजवळच्या एका गावातली मुलगी अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि पुढे तिला माध्यमांचा अभ्यास करायचा होता. दोन पानांचं इंग्रजी उद्देशपत्र तिनं लिहिलं होतं, मुलं ज्याला एसओपी म्हणतात ते. भाषा स्वच्छ, चूक एकही नाही. लहानपणापासून बोलण्याची आवड आहे, संवाद हा समाजाचा कणा आहे, आजच्या डिजिटल युगात माध्यमांचं महत्त्व वाढलं आहे, असं ओळीमागून ओळ. मी ते दोनदा वाचलं. लिहिणारी मुलगी बुलढाण्याची आहे की भोपाळची, हे त्यात कुठेच कळत नव्हतं.

कागद बाजूला ठेवून मी विचारलं, "सोयाबीन विकलं का घरचं?"

मग ती अर्धा तास बोलली. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज बाजार समितीच्या भावांचा मेसेज येतो. समितीच्या तक्त्यात तीन आकडे असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. ग्रुपवर येईपर्यंत त्यातला कमाल तेवढा उरतो. वडील तो आकडा डोक्यात धरून माल नेतात, हर्रासीत ओलाव्याचं कारण निघतं, आणि हातात पडतो तो भाव सकाळच्या आकड्यापेक्षा बराच खाली असतो. "पण सर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच मेसेज सगळे पुढे पाठवतात. कोणीच म्हणत नाही की हा आकडा आपल्याला मिळत नाही."

तीन आकड्यांपैकी एकच का टिकतो, तो कोण टिकवतं आणि खोटा ठरल्यावरही तो का फिरत राहतो, हा संज्ञापनशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. एम.ए.च्या प्रबंधाला पुरेल आणि नेटानं वाढवला तर पीएच.डी.लाही. पण तिच्या दोन पानांत त्याचा मागमूस नव्हता. गावातलं असं काही विद्यापीठाला सांगायचं नसतं, असं तिला वाटत होतं.

जिल्ह्यातल्या अनेक मुलामुलींना तसंच वाटतं. मेहकर, मोताळा, संग्रामपूर, सिंदखेडराजा, कुठलाही तालुका घ्या. अर्ज भरताना ही मुलं आधी गाव पुसून टाकतात आणि मग आपल्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही म्हणून हताश होतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी, आणि पदवी घेऊन एक-दोन वर्षं घरी थांबलेल्यांसाठीही, हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिल्यांदा विषयच समजून घ्या. आपल्याकडे 'मास कॉम' म्हटलं की हातात माईक धरून उभं राहणं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पत्रकारिता हा या विषयाचा एक भाग झाला. माणसं एकमेकांपर्यंत माहिती कशी पोचवतात, तिच्यावर विश्वास कसा ठेवतात आणि त्यातून काय बदलतं, याचा अभ्यास म्हणजे संज्ञापनशास्त्र. जाहिरात आणि जनसंपर्क त्यात येतात, चित्रपट येतो, आरोग्याचा प्रचार येतो, शेतीचा सल्लाही येतो.

शेतीचा तर या शास्त्राच्या मुळाशी संबंध आहे. एव्हरेट रॉजर्स हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, कॅरोल गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात 1931 साली त्यांचा जन्म झाला. संकरित मक्याचं बियाणं तेव्हा नवं होतं आणि त्यांच्या वडिलांनी ते घ्यायचं टाळलं. 1936च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा संकरित मका तगला, यांचा वाळला. कळत असूनही वडिलांनी बियाणं का घेतलं नाही, हा प्रश्न त्या मुलाच्या मनातून गेला नाही. पुढे पीएच.डी.साठी त्यांनी आयोवातल्याच एका शेतकरी वस्तीत तणनाशक कसकसं पसरलं ते तपासलं आणि 1962 साली 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हे पुस्तक लिहिलं. नवी गोष्ट समाजात कशी पसरते, यावर आजही जगभर ते शिकवलं जातं. आता आपल्या गावातला 2002 नंतरचा बीटी कापूस आठवा. पहिलं पाकीट कोणी आणलं, कोणाचं बघून कोणी लावलं, कृषी केंद्रवाल्याचं ऐकलं की मेव्हण्याचं? तुमच्या घरात याची उत्तरं देणारी माणसं अजून आहेत. दिल्लीत वाढलेल्या मुलाला ती शोधत हिंडावं लागेल.

महाराष्ट्राच्या खेड्यांवर असा अभ्यास पूर्वी झालाही आहे. 1956 साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुण्याच्या केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांसाठी शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित केले. गावोगावी मंडळं केली, माणसं एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करत. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेनं पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्याचं मूल्यमापन केलं. नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्यांच्या पदरात जास्त पडतं, हे त्यातून दिसलं आणि पुढे इतर देशांनीही ही पद्धत उचलली. त्या पाच जिल्ह्यांत आपला जिल्हा नव्हता. प्रयोग झाला तेव्हा तर बुलढाणा मध्य प्रदेश राज्यात होता. इथलं बरंच काही अजून कोणी मोजलेलं नाही, आणि अर्ज करणाऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे.

विषय डोळ्यांसमोरच असतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकांचं भाकीत सांगितलं जातं. दरवर्षी ते राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतं आणि वाहिन्यांवर दिसतं. हवामान खात्याचा अंदाजही त्याच सुमारास आलेला असतो. शेतकरी हे दोन्ही कसे ऐकतो, कशाला मान देतो आणि कशावर पेरणी करतो? सैलानीची यात्रा, शेगावच्या पालखीची बातमी, सिंदखेडराजाचा 12 जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव आणि त्या दिवशी मोबाइलवर दिसणारं रूप, लोणारला येणाऱ्या पर्यटकाला गाईड सांगतो त्या गोष्टी. तुमच्या आजीला रेडिओ आठवत असेल, आईला दूरदर्शन, तुम्हाला यूट्यूब. एकाच ओसरीवर तीन पिढ्यांची माध्यमं सापडतात.

विषय हाती आला की कुठे अर्ज करायचा हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर संस्थेच्या नावावरून काढू नका, अभ्यासक्रमावरून काढा. बातमीदारी शिकायची असेल तर भारतीय जनसंचार संस्थेचं अमरावती केंद्र आपल्या उंबऱ्यावर आहे. 1965 साली दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेनं 2011 साली अमरावतीत केंद्र उघडलं, आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. इंग्रजीच्या धास्तीनं या क्षेत्रापासून लांब राहिलेल्यांनी तिकडे जरूर बघावं. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग आहे, अवघा महाराष्ट्र त्याला रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो. त्याच विद्यापीठात माध्यम आणि संज्ञापन अभ्यासाचा दुसरा, वेगळा विभाग आहे आणि तिथला भर संशोधनावर आणि दृक्-श्राव्य निर्मितीवर असतो. दोन्ही एकच समजून भलत्याच ठिकाणी फॉर्म भरलेली मुलं मी पाहिली आहेत. देऊळगाव राजा, सिंदखेडराजाकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ अमरावतीपेक्षा जवळ पडतं, तिथेही जनसंवाद आणि वृत्तपत्रविद्येचा विभाग आहे. मलकापूर-नांदुऱ्याकडच्यांनी जळगावच्या विद्यापीठाचं संकेतस्थळ बघावं.

संशोधनाची, विचारांची ओढ असेल तर मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेतलं माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यासाचं एम.ए. आणि हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातलं संज्ञापनाचं एम.ए. ही दोन नावं यादीत हवीतच. दिल्लीच्या जामिया मिलियातलं जनसंचार संशोधन केंद्र 1982 पासून चित्रपट आणि माध्यमनिर्मितीसाठी नावाजलेलं आहे. घर सोडणं शक्यच नसेल तर इग्नूचं पत्रकारिता आणि जनसंचाराचं एम.ए. दूरशिक्षणानं करता येतं, आणि ते कमी दर्जाचं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. शासकीय विद्यापीठांची फी बहुधा हजारांत असते, खासगी संस्थांची लाखांत. खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी तिथून मागच्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या किमान पाच विद्यार्थ्यांशी स्वतः फोनवर बोला. जाहिरातीतले हसरे फोटो यात धरायचे नाहीत.

केंद्रीय संस्थांच्या बऱ्याच जागा आता सीयूईटी पीजी या एकाच परीक्षेतून भरतात. 2022 पासून ती सुरू आहे. पंच्याहत्तर प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. जनसंचार आणि पत्रकारितेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते, म्हणजे आपल्या पदवीच्या परीक्षेच्या तोंडावरच. गुण मिळाले म्हणजे प्रवेश झाला असं नाही. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. हे न कळल्यानं चांगले गुण असूनही घरी बसावं लागलेल्या मुलांची मला फार हळहळ वाटते. राज्यातली विद्यापीठं बहुधा स्वतःची परीक्षा किंवा गुणवत्ता यादी लावतात आणि त्यांचे फॉर्म उन्हाळ्यात निघतात. दरवर्षी नियम थोडेफार बदलतात. म्हणून मागच्या वर्षीच्या सीनियरनं सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका, माहितीपत्रक स्वतः उघडून वाचा.

वर्षाची आखणी सणांवर बांधली तर लक्षात राहते. पोळ्यापर्यंत विषय आणि संस्थांची यादी पक्की करा. परदेशी जायचं असेल तर त्याच सुमारास चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतात. दिवाळीत उद्देशपत्राचा पहिला मसुदा. संक्रांतीपर्यंत सीयूईटीचा फॉर्म भरून झालेला हवा, आणि गुढीपाडव्यानंतर सगळा जोर कागदपत्रांवर.

आता उद्देशपत्राकडे वळू. सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात. ते पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकासमोर अर्जांचा ढीग असतो आणि संवादाचं महत्त्व त्याला तुमच्याकडून शिकायचं नसतं. तुम्ही काय पाहिलंत, त्यातून कोणता प्रश्न पडला, तो सोडवायला तुम्ही आजवर काय केलंत, आणि त्यांच्याच विभागात का यायचं आहे, हे त्याला हवं असतं. पहिला परिच्छेद एका पाहिलेल्या गोष्टीचा असू द्या. चिखलीच्या मुलीचा दुसरा मसुदा बाजार समितीच्या तक्त्यातल्या तीन आकड्यांपासून सुरू झाला. त्याच्या पुढच्याच ओळीत तिनं लिहिलं, की महिनाभर तिनं गावातल्या चार ग्रुपवरचे भावांचे मेसेज जपून ठेवले आणि समितीच्या तक्त्याशी ताडून पाहिले. एवढं काम कोणीही करू शकतं, त्याला वही आणि पेन पुरतं. पण ते केलेला विद्यार्थी शंभरात उठून दिसतो.

इथे एक खड्डा आहे, त्यापासून जपा. गाव लिहायला सांगितलं की काही जण गरिबी लिहितात. दुष्काळ, कर्ज, कंदिलाखाली केलेला अभ्यास. हे खरं असेल तर जरूर लिहा, पण दोन ओळींत आणि ताठ मानेनं. कणव वाटून कोणी प्रवेश देत नाही, आणि तुम्हीही कणवेवर प्रवेश मागू नये. वडिलांना भाव मिळाला नाही हे दुःख आहे. त्यांच्यापर्यंत भावाची माहिती कोणत्या वाटेनं आली आणि वाटेत तिचं काय झालं, हा अभ्यास आहे. अर्जात दुसऱ्याला जास्त जागा द्या.

चॅटजीपीटीकडून सगळं पत्र लिहून घेण्याचा मोह आवरा. व्याकरण तपासायला त्याची मदत जरूर घ्या. पण त्यानं लिहिलेली पत्रं एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसतात, आणि मुलाखतीत त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला की मुलं गप्प होतात. मी नेहमी सांगतो, आधी मराठीत लिहा, जमलं तर आपल्या वऱ्हाडी बोलीतच लिहा, जसं मित्राला सांगाल तसं. मग त्याचं इंग्रजी करा. वाक्यं लहान झाली तर होऊ द्या.

त्यांच्याच विभागात का, याचं उत्तर गुळगुळीत नको. तिथे कोण शिकवतं आणि त्यांनी कशावर लिहिलं आहे हे पाहा, त्यातला एखादा लेख खरोखर वाचा आणि आपल्या प्रश्नाशी तो कुठे जुळतो ते दोन वाक्यांत मांडा. वाचनाला पैसे लागत नाहीत. देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध शोधगंगेवर मोफत वाचता येतात आणि इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशावर आहेत. केवल कुमारांचं भारतातल्या जनसंचारावरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळून जातं. भाषिक वृत्तपत्रं गावोगावी कशी पोचली हे समजून घ्यायचं असेल तर रॉबिन जेफ्री यांचं 2000 सालचं भारतीय वृत्तपत्रक्रांतीवरचं पुस्तक वाचा. आपल्या एसटी स्टँडवरच्या पेपरच्या गठ्ठ्याकडे नंतर तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

काही संस्था लेखनाचा नमुना मागतात. कॉलेजच्या वार्षिकांकातला लेख, स्थानिक पेपरात आलेली बातमी, वर्गासाठी केलेला प्रकल्प, यांतलं काहीही चालतं. मराठीत असेल तर नीट भाषांतर करून मूळ मजकुरासोबत जोडा. काहीच नसेल तर अजून वेळ आहे. महिन्याभरात पाच-सहा पानांची एक लहानशी पाहणी करा आणि ती लिहून काढा.

शिफारसपत्राच्या बाबतीत आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. मोठ्या माणसाचं पत्र आणलं की काम होतं असं लोकांना वाटतं, म्हणून मुलं आमदारसाहेबांचं किंवा जिल्हा परिषद सदस्याचं पत्र आणतात. प्रवेश समितीसाठी त्याची किंमत शून्य आहे. ज्यांनी तुम्हाला वर्गात शिकवलं, तुमची वही तपासली, त्या प्राध्यापकांचं पत्र हवं. त्यांना किमान महिनाभर आधी भेटा. तुमचं उद्देशपत्र, गुणपत्रिका आणि त्यांच्या वर्गात केलेल्या कामाची आठवण करून देणारे चार मुद्दे हाती ठेवा. "सर, मीच लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा," असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका. परदेशी विद्यापीठं पत्र थेट शिक्षकांच्या ई-मेलवरून मागवतात आणि त्यांना कॉलेजचा अधिकृत ई-मेल हवा असतो. तो शेवटचा कधी उघडला होता, हेही सरांना नम्रपणे विचारून घ्या.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण जिल्ह्यातली बरीच मुलं या पायरीवरही अडतात. फॉर्म कॅफेवाल्याकडून भरून घेतला तरी मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचाच द्या. त्याचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो आणि प्रवेशपत्र आलं तेव्हा त्याचं दुकान बंद असतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसऱ्याच ठिकाणी तिसरं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. हे काम पोळ्याच्या आतच उरका.

आरक्षणाचं प्रमाणपत्र राज्याचं वेगळं आणि केंद्राचं वेगळं. केंद्रीय विद्यापीठाला इतर मागासवर्गाचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, तहसीलमध्ये अर्ज करतानाच तसं स्पष्ट सांगा. भटक्या-विमुक्त प्रवर्गांना राज्यात स्वतंत्र आरक्षण आहे, केंद्रात मात्र तो स्वतंत्र प्रवर्ग नाही. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे का, ते आधी तपासा. मराठा विद्यार्थ्यांसाठीचं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्रीय संस्थेत उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा विचार करा, आणि ते प्रमाणपत्र त्या वर्षाचं लागतं. अमरावती विद्यापीठाबाहेर जाणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. निकाल लागला नसला तरी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो, त्यासाठी वर्ष वाया घालवू नका.

पैशाचा प्रश्न खरा आहे आणि त्याची लाज बाळगू नका. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या योजना आहेत. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, तर डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. प्रत्येकीच्या अटी नीट वाचा, एकीचा लाभ घेतला की दुसरी बंद होऊ शकते. पुढे नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात. जनसंचार आणि पत्रकारिता हा नेटमध्ये स्वतंत्र विषय आहे.

परदेशाचं स्वप्न आपल्या जिल्ह्यातून बघू नये, असं कोणी सांगत असेल तर त्यांना लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचं नाव सांगा. त्या गावचे राजू केंद्रे मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, टाटा समाज विज्ञान संस्थेच्या तुळजापूर केंद्रात ग्रामीण विकास शिकले आणि 2021 साली चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांचा विषय विकास अभ्यासाचा, पण अर्जाची वाट तीच. त्यांनी उभारलेली 'एकलव्य' ही संस्था घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलांना नामांकित संस्थांचे अर्ज भरायला मदत करते. अशा ठिकाणी हात पुढे करण्यात कमीपणा नाही.

चेव्हनिंगला पदवीनंतर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. म्हणजे आज स्थानिक पेपरात किंवा एखाद्या संस्थेत केलेली नोकरी वाया जात नाही. अमेरिकेत बरेच विभाग पीएच.डी.ला, आणि काही विभाग एम.ए.लाही, शिकवण्याचं काम देऊन फी माफ करतात आणि वर मानधन देतात. त्यांच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात. आपली तीन वर्षांची पदवी तिथे सगळीकडे चालतेच असं नाही, तेवढं विभागाला ई-मेल करून विचारा. ब्रिटनमध्ये ती अडचण सहसा येत नाही. राज्याची अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांच्या विभागांच्याही योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. मात्र 2022 पासून भारताची संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरच्या संशोधनाचे विषय तिच्यातून वगळले आहेत. मला ही अट अन्यायाची वाटते, कारण ज्यांनी हा समाज सोसला त्यांनाच त्याच्यावर लिहायला मदत नाकारली जाते. पण ती आहे, हे धरूनच विषयाची मांडणी करा.

मुलाखतीला इंग्रजी अडखळलं तर अडखळू द्या. मुद्दा सुटला की मुलाखत बिघडते, एखादा शब्द सुटला म्हणून नाही. रोज कोणता पेपर वाचता, कालच्या कोणत्या बातमीत काय राहून गेलं होतं, हे विचारतात. महिनाभर रोज एक बातमी तीन ठिकाणी वाचा आणि फरक वहीत टिपा, एवढी तयारी पुरते.

आता शेवटची एक सूचना, आणि ती मी चिखलीच्या त्या मुलीकडून शिकलो. अर्ज पाठवण्याच्या आदल्या रात्री तिनं सगळं उद्देशपत्र मराठीत सांगत वडिलांना वाचून दाखवलं. शेतकरी ग्रुपवरच्या आकड्यावर विश्वास ठेवतात, असं तिनं त्यात लिहिलं होतं. वडिलांनी तिला तिथेच थांबवलं. म्हणाले, "विसवास कोन ठेवते व त्याच्यावर? आडत्यापुढं मोबाइल धराले कामी येते थो. पाय, हा भाव चालू हाय, म्हनता येते."

ती रात्री दोनपर्यंत जागी होती. ग्रुपवरचा आकडा शेतकऱ्याच्या दृष्टीनं माहिती आहे की घासाघीस करायचं हत्यार, हा नवा प्रश्न तिनं दुसऱ्या परिच्छेदात घातला, तो सुचवणाऱ्याचा उल्लेख 'माझे वडील, सोयाबीन उत्पादक' असा केला, आणि सकाळी अर्ज पाठवून दिला.